फास्टर फेणेला घरी कुणी कामं का सांगत नाही?

गेल्या महिन्यात भाचीला फास्टर फेणेची चार पुस्तकं आणून दिली. भाची सातवीत आहे, फुरसुंगीत राहते. शाळेतून तक्रार आली होती की मुलीला अवांतर वाचनाची आवड नाही. भाऊ म्हणाला, "ताई, ते तुझं खातं. तूच बघ." म्हणून रविवारी सकाळी अप्पा बळवंत चौक गाठला, गर्दीत घुसून पुस्तकं घेतली आणि संध्याकाळी तिच्या हातात दिली. मनात म्हटलं, दुसरं काही नाही तरी आपल्या गावचा हिरो आहे, पोरगी खूश होईल.

तीन दिवसांनी पिशवी परत आली.

"आवडली का गं?"

"चांगली आहेत."

हे 'चांगली आहेत' कसलं, ते घरात पोरं असणाऱ्यांना सांगायला नको. पाहुण्यांकडच्या अळणी भाजीलाही आपण असंच चांगली म्हणतो.

"मग पुढची आणू?"

"नको आत्या. तो आपल्या गावचा आहे असं लिहिलंय, पण आपल्यातला वाटत नाही. त्याला घरी कुणी कामंच सांगत नाही."

मी हसले. पण रात्री झोप लागेना. कारण १९८८ साली, तिच्याच वयाची असताना, मला हेच वाटलं होतं आणि मी ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. उलट वर्गात सगळ्यांच्या पुढे होऊन 'मला फास्टर फेणे फार आवडतो' असं सांगितलं होतं. आज छत्तीस-सदतीस वर्षांनी कबुली देतेय. फाफेप्रेमींनी लगेच दगड उचलू नयेत. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

आधी नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला किशोर नायक. भागवतांचा जन्म १९१० चा. १९५१ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत आणल्या आणि साठच्या दशकापासून पुढे फास्टर फेणेची पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. काटकुळा, चपळ, सायकलवर स्वार, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडानं 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. राहणारा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, विद्याभवन नावाच्या शाळेत. पण गडी पुण्यात थांबतो कुठे! कधी प्रतापगडावर, कधी काश्मिरात, कधी थेट चीनच्या आघाडीवर. जिथे जाईल तिथे भानगड, आणि भानगड सोडवणारा हाच. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, तेव्हा बनेशचं काम केलं होतं सुमीत राघवननं. आमच्या पिढीसाठी फास्टर फेणेचा चेहरा म्हणजे तोच.

त्याच काळात मी पाचवीनंतर गावातली शाळा सोडून शहरातल्या एका शाळेत गेले. शाळेचं नाव घेत नाही, शाळा चांगली होती, त्या काळातल्या बाकी शाळांसारखीच. पहाटे उठून गोठ्यातलं शेण काढायचं, पाणी भरायचं, मग डबा घेऊन निघायचं. गाडीतळावर बस बदलायची. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, कुठून येतेस? म्हटलं, फुरसुंगी. बाईंचा चेहरा उजळला. "अगं बाई! म्हणजे फास्टर फेणेच्या गावची!" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला गावामुळे भाव मिळाला.

मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची एक मुलगी नाक दाबून म्हणाली, "फुरसुंगी म्हणजे तेच ना, कचऱ्याच्या गाड्या जातात ते? तू गाडीतूनच आलीस काय?"

एकाच दिवसात मला कळलं की शहराला माझ्या गावाबद्दल दोनच गोष्टी माहीत आहेत. एक फास्टर फेणे आणि दुसरी कचरा डेपो. दोन्ही शहरानंच आम्हाला दिलेल्या.

मग मी शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली. अगदी अधाशासारखी. कारण मला त्या पुस्तकांत माझं गाव बघायचं होतं. आमची विहीर, हरपळ्यांचं आणि कामठ्यांचं रान, फुरसुंगीचा कांदा. हो, फुरसुंगीचा कांदा. शेतकऱ्यांना विचारा, 'फुरसुंगी' ही गावरान कांद्याची जात आहे. मातीतली माणसं आमच्या गावाला ओळखतात ती कांद्याच्या बियाण्यासाठी. मला वाटलं, कुठल्या तरी पानावर बनेशची आई कांद्याच्या वाफ्यात बसलेली असेल आणि म्हणेल, "बन्या, चोर नंतर पकड, आधी पाणी मोड."

मला तरी तसं पान सापडलं नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत फुरसुंगी हा बनेशचा पत्ता होता. सुट्टी लागली की तिथे जायचं, सुट्टी संपली की तिथून निघायचं. गोष्ट घडायची ती बाहेर. फेणे हे आडनावही मी गावात कधी ऐकलं नव्हतं. आणि सायकल! सायकल आमच्याही घरी होती, पण ती वडिलांची, दुधाच्या किटल्या लावायची. मुलीनं ती चालवायची म्हणजे आधी आजीच्या डोळ्यांसमोरून जायला हवं.

आता खरं सांगते, गोष्टी मला आवडल्या नव्हत्या असं नाही. वेग आवडला, ते पटकन सुचणं आवडलं. चोर सापडला की मलाही आनंद व्हायचा. पण तो आनंद खिडकीतून दुसऱ्याच्या अंगणातला खेळ बघण्याचा होता. मैत्रिणी म्हणायच्या, वाचताना आपणच फाफे झाल्यासारखं वाटतं. मला कधीच वाटलं नाही. मी आपली त्याच्या मागे धावतेय आणि तो सायकलवरून पुढे निघून गेलाय. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. मला वाचताच येत नसावं नीट.

ही भावना आज भाचीच्या वाट्याला आली आहे. शाळेनं तर लेखी कळवलं, मुलीला आवड नाही. म्हणून हा सगळा प्रपंच.

पुण्यात आलेली तीन पोरं

नोकरी लागल्यावर, बँकेत, हाताशी पैसे आले आणि मी भरपूर वाचलं. तेव्हा एक गंमत लक्षात आली. मराठीतली कितीतरी मुलं शिकायला पुण्यात येतात. त्यातली तीन सांगते.

पहिला आपला बनेश. पंधरा-एक किलोमीटरवरून आला आणि आल्या आल्या पुण्याचा झाला. शहरानं त्याला अडवलं नाही, त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

दुसरा, 'कोसला'मधला पांडुरंग सांगवीकर. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ ची, म्हणजे जवळजवळ फाफेच्याच वेळची. हाही गावाकडून येतो, खानदेशातून, पुण्यातल्या कॉलेजात. होस्टेल, मेस, गॅदरिंग सगळं करतो आणि कशातच बसत नाही. शेवटी परत जातो. एकाच दशकात, एकाच शहरात, मराठी भाषेनं दोन पोरं पाठवली. एकाला शहर लगेच आपलंसं झालं आणि दुसऱ्याला कधीच झालं नाही. आमच्यासारख्या रोज बसनं ये-जा करणाऱ्या पोरी या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभ्या होत्या.

तिसरा आंदा. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला, म्हणजे ते स्वतःच. पुस्तक आलं १९८७ मध्ये, १९९० मध्ये त्याला साहित्य अकादमी मिळाला. कागलचं शेतकऱ्याचं घर, बापाला शाळा म्हणजे कामचुकारपणा वाटतो, आणि पोराला काहीही करून शिकायचंय. त्याला शाळेच्या एकेक दिवसासाठी झगडावं लागतं. हाच आंदा पुढे पुण्यात आला आणि विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला.

'झोंबी' मी विसाव्या वर्षी वाचलं. बसमध्ये वाचत होते, गाडीतळ आला तरी उतरले नाही, लोणीपर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातल्या पोराला कुणीतरी काम सांगत होतं! काम टाळलं तर मार होता, केलं तर शाळा बुडत होती. हे मला माहीत होतं. कोल्हापूरच्या पलीकडचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा हा पोरगा मला माझ्या घरचा वाटला, आणि माझ्याच गावचा फाफे परका. म्हणजे जवळीक पत्त्यावर ठरत नाही. बाई असो, बाप्या असो, लहानपणी दिवस कसा गेला त्यावर ती ठरते.

पण मग प्रश्न असा की 'झोंबी' मला बाराव्या वर्षी का मिळालं नाही? सोपं उत्तर, कारण ते बारा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलंच नाही. ते मोठ्यांनी वाचायचं आत्मचरित्र आहे.

आता जरा यादी बघा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं. शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' १९८४ चं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. बेबीताईंचं बालपण पुरंदरमधल्या वीरगावचं, म्हणजे आमच्या डोक्यावरचा दिवे घाट चढून गेलं की पलीकडचा तालुका. या सगळ्या पुस्तकांत लहान मुलं आहेत. भुकेली, राबणारी, शाळेच्या पायरीपाशी थांबवलेली, हुशार मुलं. मराठीनं ही मुलं लिहिली नाहीत असं नाही. लिहिली, आणि जबरदस्त लिहिली. पण ती लिहिली मोठ्यांसाठी. मोठी माणसं ती वाचून हळहळली, पुरस्कार दिले, अभ्यासक्रमाला लावली.

आणि मुलांच्या कपाटात काय ठेवलं? ज्याला घरी कुणी काम सांगत नाही असा मुलगा.

माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच. राबणारं मूल आपण मोठ्यांच्या पुस्तकांत ठेवलं आणि मुलांना बिनकामाचा नायक दिला. त्यामुळे ज्या मुलाला खरोखर काम आहे त्याला वाटतं की पुस्तक ही आपल्यासाठी केलेली वस्तूच नाही. आणि शाळा लिहून पाठवते, आवड नाही.

कुणी म्हणेल, 'श्यामची आई' आहे की! आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातली गरिबी खरी आहे, कामही आहे. मी ते वाचून रडले आहे. पण श्यामच्या घरचं दारिद्र्य हे घसरत आलेल्या घराचं आहे. आमचं घर आधी वर कधी नव्हतंच, तर घसरणार कुठून? आणि श्याम हे पुस्तक मुलांना द्यायचं तर आधी 'यातून शिका' असं सांगून देतात. फाफेचं मोठेपण असं की तो शिकवत बसत नाही, पळतो. मला तशीच पळणारी, पण हातात विळा असलेली पोरगी हवी होती.

तोपर्यंत गावात काय चाललं होतं

आता थोडा इतिहास, कारण ही पोस्ट नुसत्या पुस्तकांची नाही.

फाफेची पुस्तकं ज्या वर्षांत शहरात घरोघरी पोचत होती, त्याच वर्षांत आमच्या शिवेवर एक गोष्ट आली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या हद्दीत १९८१ पासून पुण्याचा कचरा पडायला लागला. आधी ४३ एकर जागा होती. पुढे कोथरूडचा डेपो बंद झाला, सगळ्या शहराचा भार इकडे आला आणि २००३ मध्ये आणखी १२० एकर घेतले. कोथरूडच्या त्या जुन्या डेपोच्या जागी आज मेट्रोचा डेपो आहे. तिथून माणसं गार गाडीत बसून डेक्कनला जातात. चांगलंच आहे, मीही जाते. पण वनाझला उतरले की मला दर वेळी आठवतं की इथली घाण कुठे गेली.

डेपोनं काय केलं हे आमच्याकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. विहिरींचं पाणी गेलं. पावसाळ्यात वास, उन्हाळ्यात आगी आणि धूर. टँकर सुरू झाले, टँकरपुढे हंड्यांच्या रांगा आल्या, आणि रांगेत कोण? पोरी. सोयरीक जुळवताना पाहुणे विचारायला लागले, तुमचं घर डेपोपासून किती लांब? गावांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली, त्यानंतर गावकऱ्यांनी जवळजवळ तीन आठवडे कचरा येऊ दिला नाही. तेव्हा शहरात पेठांमधून कचरा साचला आणि बातम्या आल्या की पुणेकर हैराण. बरोबरच आहे, तीन आठवड्यांत माणूस हैराण होतोच. आमची पस्तीस वर्षं झाली होती.

त्याच वर्षीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. ऑक्टोबर २०१७ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं ११ गावं पुणे महापालिकेत घेतली. त्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. म्हणजे आम्ही कागदोपत्री पुणेकर झालो. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला 'फास्टर फेणे' सिनेमा आला. अमेय वाघ फाफे झाला होता, आणि भा. रा. भागवत हेसुद्धा एक पात्र होतं, ते दिलीप प्रभावळकरांनी केलं होतं. आम्ही दहा-बारा जण हडपसरला बघायला गेलो. पडद्यावर फुरसुंगीचं नाव आलं तसं आमच्या रांगेनं शिट्ट्या मारल्या. मीही मारली. चाळिशीतली बाई, बँकेतली अधिकारी, बोटं तोंडात घालून.

शिट्टी खरी होती, हेही मला मान्य केलं पाहिजे. आपलं नाव मोठ्यानं घेतलं गेलं की कुणालाही बरंच वाटतं.

पुढे काय झालं? डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं जाहीर केलं की ही दोन गावं महापालिकेतून बाहेर काढणार, आणि २०२४ मध्ये आमची वेगळी नगरपरिषद झाली. कर, पाणी, रस्ते यांवरून दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे आणि गावातही दोन मतं आहेत, त्यात आज शिरत नाही. एवढंच सांगते की सात वर्षांत आम्ही पुण्यात आलो आणि पुण्यातून गेलो. फाफे मात्र पुण्याचाच राहिला. त्याला कुणी वगळलं नाही.

भागवतांवर राग नाही

इथे एक गैरसमज होईल म्हणून थांबते. मला भागवतांवर राग नाही. उलट आता वय वाढल्यावर त्यांचं एक ऋण जाणवतं. साठच्या दशकात पुण्यातल्या मुलांसाठी हिरो करायचा तर तो सदाशिव पेठेतला करणं किती सोपं होतं! त्यांनी तो फुरसुंगीचा केला. शहरानं ज्याच्यावर टाळ्या वाजवायच्या तो पोरगा शहराबाहेरून आणला, आणि सगळ्यांपेक्षा 'फास्टर' हे विशेषण त्याला दिलं. ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. बाईंनी पहिल्या दिवशी माझ्याकडे कौतुकानं बघितलं ते या माणसामुळे. एका गावाला त्यांनी मुलांच्या नकाशावर आणलं.

पण एका माणसानं सगळं लिहावं ही अपेक्षाच चूक. त्यांनी गावाचं नाव दिलं, गाव लिहायचं काम आमच्यापैकी कुणीतरी करायचं होतं. ते आम्ही केलं नाही. आम्ही निवेदनं लिहिली, हरकती लिहिल्या, ग्रामसभेचे ठराव लिहिले. गोष्ट लिहिली नाही.

आणि पुण्याच्या पोरीला गोष्ट लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये. १८५५ साली, म्हणजे फाफेच्या शंभरएक वर्षं आधी, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वय सुमारे १४. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला कुणी नायिका करून लिहिलं नव्हतं, तिच्यासारखी मुलगी असलेलं पुस्तक तिच्या हातात कुणी ठेवलं नव्हतं. तिनं आपल्या लोकांचे हाल स्वतःच्या शब्दांत मांडले आणि धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. बक्षीस घेताना तिनं खाऊ नको, ग्रंथालय द्या असं म्हटल्याची गोष्ट पुण्यात आजही सांगितली जाते. मला वाटतं, या शहरातला पहिला किशोरवयीन आवाज तिचा. आपल्या शाळांमधल्या किती सातवीतल्या पोरींना तो वाचायला मिळतो?

भाचीचं पुढे काय झालं

पिशवी परत आल्यावर मी तिला दुसरं एक पुस्तक दिलं. ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा'. २०१७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. (पुन्हा २०१७! त्या वर्षात काय होतं कोण जाणे.) धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट आहे. मी तिला काही सांगितलं नाही, 'यातून शिक' तर अजिबात नाही. नुसतं टेबलावर ठेवलं.

चौथ्या दिवशी फोन.

"आत्या, हे गाव खरंच बुडालं का गं?"

म्हटलं, अशी कितीतरी गावं बुडाली. धरणांसाठी.

"मग त्यांचं पाणी पुण्याला आणि पुण्याचा कचरा आपल्याला?"

मी गप्प. सातवीतल्या पोरीनं शहराचा जमाखर्च एका वाक्यात मांडला होता. मी बँकेत तीस वर्षं ताळेबंद बघते, मला तो असा कधी दिसला नव्हता.

"अजून आहे का असलं?" तिनं विचारलं.

जिला आवड नाही म्हणून शाळेनं कळवलं होतं, ती ही मुलगी.

गेल्या रविवारी गेले तर पोरगी वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी खरडत होती. दाखवेना. शेवटी भावानं वही पळवली आणि मोठ्यानं वाचायला लागला, तेव्हा तिनं ती हिसकावून घेतली. मला एवढंच कळलं की गोष्टीत एक मुलगी आहे, टँकरच्या रांगेत तिचा हंडा चोरीला गेलाय, आणि ती चोर शोधायला निघालीय. सायकलवर! मी विचारलं, "सायकल कुठली?" तर म्हणाली, "पप्पांची. ते झोपल्यावर घेतली." आणि मग जरा थांबून, "आणि परत येऊन तिला भाकरीही करायच्यात, म्हणून ती फास्ट चालवते."

भा. रा. असते तर त्यांनी नक्की 'ट्टॉक' केलं असतं.

आता तुमच्याकडे दोन कामं आहेत. एक, कमेंटमध्ये सांगा, बारा-तेराव्या वर्षी कुठल्या पुस्तकातला मुलगा किंवा मुलगी तुम्हाला परकी वाटली होती आणि तुम्ही ते लपवलं होतं? नाव लिहायला लाजू नका. आवडलं नाही म्हटल्यानं ते पुस्तक लहान होत नाही, आणि तुम्हीही नाही.

दुसरं काम जरा खर्चाचं. आमच्याकडच्या एका शाळेत आम्ही काही जण मिळून पुस्तकांचं एक कपाट लावतोय. दरवेळी असं काही म्हटलं की घरोघरची रद्दी येते, जुन्या गाईडांचे गठ्ठे येतात. ते नको. एकच पुस्तक द्या, पण नवं, आणि मुलांनी कामं करावी लागणाऱ्या घरातलं. शोधायला वेळ लागेल, मला माहीत आहे. मलाही लागला.

फाफेची ती चार पुस्तकंही त्याच कपाटात ठेवतेय. वरच्या नाही, हाताला येईल अशा फळीवर. भाचीनं अट घातली आहे की शेजारची जागा तिच्या वहीसाठी रिकामी ठेवायची.